रे बॉल

रे बॉल हे मूळचे ऑस्ट्रेलियातील लेखाशास्त्रज्ञ असून अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या बूथ व्यवसाय विद्यालयात लेखाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ओळखले जातात. कंपन्या प्रसिद्ध करीत असलेल्या आर्थिक माहितीचा, म्हणजेच वित्तीय प्रकटीकरणाचा, भांडवल बाजाराशी काय संबंध असतो हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होय. फिलिप ब्राऊन यांच्यासह त्यांनी लिहिलेला आणि १९६८ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध हा आधुनिक अनुभवाधिष्ठित लेखासंशोधनाचा आरंभबिंदू मानला जातो. कंपनीच्या वार्षिक नफ्याचा आकडा उपयुक्त असतो, परंतु तो जाहीर होण्यापूर्वीच त्यातील बहुतेक माहिती बाजाराला कळलेली असते, असे या निबंधाने दाखवून दिले. यातून एक प्रश्न उद्भवला: बाजाराला जे आधीच ठाऊक आहे ते लेखापरीक्षण करून पुन्हा छापण्याचे प्रयोजन काय? या प्रश्नाचे उत्तर बॉल यांच्या पुढील चार दशकांच्या लेखनातून टप्प्याटप्प्याने आकारास आले.

शिक्षण व अध्यापन

बॉल यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात झाले. त्यानंतर ते शिकागो विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी १९६८ मध्ये व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी आणि १९७२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांचे सहलेखक फिलिप ब्राऊन हेदेखील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचेच पदवीधर होते आणि तेही शिकागोला येऊन पोहोचले होते.

१९६० च्या दशकातील शिकागो हे अशा संशोधनासाठी अनुकूल स्थळ होते. भांडवल बाजार उपलब्ध माहिती किती त्वरेने किमतीत सामावून घेतो, याचा अभ्यास युजीन फामा आणि त्यांचे सहकारी तेथे करीत होते. विद्यापीठाच्या समभाग किंमत संशोधन केंद्राने न्यूयॉर्क शेअर बाजारातील समभागांच्या अनेक दशकांच्या मासिक किमती चुंबकीय फितींवर नोंदवून ठेवल्या होत्या. संगणकाच्या साहाय्याने शेकडो कंपन्यांच्या किमतींचा एकाच वेळी अभ्यास करणे त्यामुळे प्रथमच शक्य झाले.

१९७० च्या दशकात बॉल ऑस्ट्रेलियात परतले. क्वीन्सलँड विद्यापीठात आणि नंतर सिडनीच्या ऑस्ट्रेलियन ग्रॅज्युएट स्कूल ऑफ मॅनेजमेंट या संस्थेत त्यांनी प्राध्यापकपद भूषविले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात रुजू झाले. २००० साली ते शिकागो विद्यापीठात परतले. तेथील त्यांचे अध्यासन सिडनी डेव्हिडसन या ज्येष्ठ लेखाशास्त्रज्ञाच्या नावाचे आहे.

अध्यापनाबरोबरच त्यांनी दीर्घकाळ संपादनकार्यही केले. रॉचेस्टर येथून १९७९ साली सुरू झालेले 'जर्नल ऑफ अकाउंटिंग अँड इकॉनॉमिक्स' आणि शिकागो येथून १९६३ साली सुरू झालेले 'जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च' या दोन्ही अग्रगण्य नियतकालिकांच्या संपादकांपैकी ते एक होते.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकापर्यंत लेखाशास्त्रातील बरेचसे लेखन आदर्शवादी स्वरूपाचे होते. हिशेब कसे ठेवले जातात यापेक्षा ते कसे ठेवले पाहिजेत, यावर विद्वानांचा भर असे. प्रचलित पद्धतीने काढलेल्या नफ्याच्या आकड्यावर त्यांचा एक मूलगामी आक्षेप होता. ताळेबंदात वीस वर्षांपूर्वी घेतलेली जमीन तेव्हाच्या किमतीला नोंदलेली असते, यंत्रसामग्री घसारा वजा करून दाखवलेली असते, मालाचा साठा आणखी वेगळ्या आधारावर मोजलेला असतो आणि रोकड मात्र आजच्या रुपयांत असते. पायली आणि गज यांची बेरीज करावी तसाच हा प्रकार झाला. अशा बेरीज-वजाबाकीतून निघालेल्या नफ्याला काही अर्थ असूच शकत नाही, असा या आक्षेपाचा निष्कर्ष होता. चालू बाजारमूल्यावर आधारलेले किंवा अन्य एखाद्या एकसंध तत्त्वावर उभे असलेले हिशेब हवेत, असे निरनिराळे पर्याय सुचवले जात. मात्र कोणता पर्याय श्रेष्ठ हे ठरवण्यासाठी तर्काखेरीज दुसरे साधन नव्हते.

बॉल आणि ब्राऊन यांनी हा वाद वेगळ्या कसोटीवर घेतला. नफ्याचा आकडा खरोखरच निरर्थक असेल, तर समभागांच्या किमतीशी त्याचा कोणताही संबंध आढळता कामा नये. उलट, गुंतवणूकदारांना उपयुक्त अशी माहिती त्यात असेल, तर अपेक्षेपेक्षा जास्त नफा मिळवणाऱ्या कंपन्यांच्या किमती चढलेल्या आणि कमी नफा मिळवणाऱ्यांच्या उतरलेल्या दिसल्या पाहिजेत. हे प्रत्यक्ष पुराव्यावरून तपासता येण्याजोगे होते.

१९६८ चा शोधनिबंध

'लेखांकनीय उत्पन्नाच्या आकड्यांचे अनुभवाधिष्ठित मूल्यमापन' असा अर्थ असलेल्या शीर्षकाचा हा निबंध 'जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च'च्या १९६८ च्या शरद अंकात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी 'द अकाउंटिंग रिव्ह्यू' या नियतकालिकाने तो नाकारला होता.

निबंधासाठी २६१ अमेरिकी कंपन्यांची निवड करण्यात आली. ३१ डिसेंबरला ज्यांचे हिशेबी वर्ष संपते अशाच या कंपन्या होत्या. १९५७ ते १९६५ या नऊ वर्षांतील वार्षिक निकालांचा अभ्यास करण्यात आला. निकाल जाहीर झाल्याच्या तारखा 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्रातून घेण्यात आल्या.

अभ्यासाची पद्धत तीन पायऱ्यांत समजून घेता येते.

पहिली पायरी अपेक्षित नफा ठरवण्याची होती. एखाद्या वर्षी सर्वच कंपन्यांचा नफा वाढला असेल, तर विशिष्ट कंपनीच्या नफ्यातील वाढीचा काही भाग त्या सर्वसाधारण तेजीमुळे असतो. हा भाग सांख्यिकीय पद्धतीने वेगळा काढून उरलेला फरक 'अनपेक्षित नफा' मानण्यात आला. उदाहरणार्थ, बाजाराच्या एकूण वाटचालीवरून एखाद्या कंपनीचा नफा १० कोटींनी वाढावा अशी अपेक्षा असताना तो ६ कोटींनीच वाढला, तर आकडा वाढलेला असूनही ती प्रतिकूल बातमी ठरते.

दुसरी पायरी समभागाच्या किमतीची होती. येथेही संपूर्ण बाजाराबरोबर झालेली चढ-उतार वजा करून केवळ त्या कंपनीशी निगडित असलेला परतावा वेगळा करण्यात आला. निकालाच्या महिन्यापूर्वी बारा महिन्यांपासून ते निकालानंतर सहा महिन्यांपर्यंतचा असा परतावा एकत्र करून त्याचा निर्देशांक तयार करण्यात आला.

तिसऱ्या पायरीत कंपन्यांचे अनुकूल बातमीच्या आणि प्रतिकूल बातमीच्या असे दोन गट करून त्यांचे निर्देशांक एकाच आलेखावर मांडण्यात आले. अनुकूल गटाची रेषा वर्षभर चढत जाते आणि प्रतिकूल गटाची रेषा वर्षभर उतरत जाते, हे त्या आलेखात स्पष्ट दिसते. पसरत जाणाऱ्या दोन फांद्यांसारखा दिसणारा हा आलेख लेखाशास्त्राच्या असंख्य पाठ्यपुस्तकांत उद्धृत झालेला आहे.

निबंधाचे मुख्य निष्कर्ष दोन होते. पहिला असा की, वर्षभरात एखाद्या कंपनीविषयी जी विशिष्ट माहिती उपलब्ध होते तिच्यापैकी निम्मी किंवा त्याहून अधिक माहिती त्या वर्षीच्या नफ्याच्या आकड्यात सामावलेली असते. नफ्याचा आकडा निरर्थक असल्याचा आक्षेप यामुळे टिकेनासा झाला. दुसरा निष्कर्ष असा की, या माहितीपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के माहिती वार्षिक निकालाच्या महिन्यापूर्वीच किमतींत उतरलेली असते. तिमाही अहवाल, लाभांशाच्या घोषणा, वृत्तपत्रांतील बातम्या आणि विश्लेषकांचे अंदाज यांसारख्या अधिक त्वरित माध्यमांतून बाजार निकालाचा कयास आधीच बांधत असतो.

त्याच वर्षी विल्यम बीव्हर यांचा एक स्वतंत्र अभ्यासही प्रसिद्ध झाला. १४३ कंपन्यांच्या निकालांचे परीक्षण करून त्यांनी दाखवले की, निकालाच्या आठवड्यात समभागांची उलाढाल आणि किमतींतील चलबिचल या दोन्ही गोष्टी नेहमीपेक्षा वाढतात. हे दोन अभ्यास मिळून लेखाशास्त्रातील एका नव्या संशोधनपरंपरेचा पाया घातला गेला.

निकालानंतरची सरक

१९६८ च्या आलेखात एक लहानशी विसंगती होती. बाजार माहिती तत्काळ सामावून घेत असेल, तर निकाल जाहीर झाल्यानंतर दोन्ही रेषा आडव्या व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात पुढील काही आठवडे त्या थोड्याफार प्रमाणात आपापल्या दिशेने सरकत राहिल्या. १९७८ साली बॉल यांनी या आणि अशा इतर निरीक्षणांचा एकत्रित आढावा घेतला. अशा विसंगती म्हणजे बाजाराच्या अकार्यक्षमतेचा निर्णायक पुरावा नसून अपेक्षित परतावा मोजण्याच्या प्रतिमानांतील उणिवांमुळे त्या दिसत असाव्यात, अशी मांडणी त्यांनी केली. १९८९ व १९९० मध्ये व्हिक्टर बर्नार्ड आणि जेकब थॉमस यांनी केलेल्या अभ्यासांनी मात्र गुंतवणूकदार निकालांचा पूर्ण अर्थ उशिरा लक्षात घेतात, या स्पष्टीकरणाला बळ दिले. हा वाद वित्तशास्त्रात दीर्घकाळ चालू राहिला आहे.

देशोदेशींच्या हिशेबांची तुलना

१९९० च्या दशकाच्या अखेरीस बॉल यांनी प्रकटीकरणाच्या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहण्यास प्रारंभ केला. हिशेबांची गुणवत्ता देशागणिक वेगळी का असते, हा तो प्रश्न होता. एस. पी. कोठारी आणि अशोक रॉबिन यांच्यासह २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी १९८५ ते १९९५ या काळातील सात देशांच्या कंपन्यांचे ४० हजारांहून अधिक वार्षिक निकाल तपासले. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटन व अमेरिका हे एका बाजूला आणि फ्रान्स, जर्मनी व जपान हे दुसऱ्या बाजूला, अशी ही तुलना होती.

तुलनेसाठी वापरलेली कसोटी तोट्याच्या नोंदीची होती. समजा, एखाद्या कारखान्याच्या मालाला मागणी उरलेली नाही आणि त्यातील यंत्रे पुढे फारसे उत्पन्न देणार नाहीत, हे व्यवस्थापनाला कळून चुकले आहे. हा संभाव्य तोटा त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात दाखवता येतो, किंवा घसाऱ्याच्या आडोशाने पुढील अनेक वर्षांवर पसरवून लपवताही येतो. पहिल्या पद्धतीत भागधारकांना आणि कर्ज देणाऱ्यांना वेळीच इशारा मिळतो, तर दुसऱ्या पद्धतीत जबाबदार व्यवस्थापक बहुधा पायउतार झाल्यावर तोटा उघडकीस येतो. वाईट बातमी चांगल्या बातमीपेक्षा किती अधिक तत्परतेने नफ्यात उतरते, हे मोजण्याची पद्धत सुदीप्त बसू यांनी १९९७ च्या निबंधात मांडली होती. बॉल व सहकाऱ्यांनी तिचाच उपयोग केला.

इंग्रजी परंपरेतील लोकविधी मानणाऱ्या देशांत तोट्याची नोंद अधिक तत्पर असते, असे त्यांना आढळले. याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण माहितीच्या मागणीशी निगडित आहे. जर्मनीसारख्या देशात बँका, कामगार आणि मोठे भागधारक यांचे प्रतिनिधी कंपनीच्या पर्यवेक्षी मंडळावर बसतात. त्यांना हवी ती माहिती बैठकीतच मिळते, त्यामुळे सार्वजनिक अहवालावर त्यांची भिस्त नसते. उलट ब्रिटन-अमेरिकेत भागधारक विखुरलेले असतात, त्यांना व्यवस्थापनाच्या दालनात प्रवेश नसतो. छापील हिशेब हाच त्यांचा आधार असल्याने त्या हिशेबांतून तत्पर आणि सावध माहिती मिळावी यासाठी बाजाराचा आणि न्यायालयांचा दबाव राहतो.

मानके आणि प्रेरणा

या स्पष्टीकरणाची कठोर परीक्षा २००३ च्या एका अभ्यासात झाली. अशोक रॉबिन आणि जोआना वू यांच्यासह बॉल यांनी हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूर व थायलंड या चार ठिकाणांची निवड केली. त्यांची लेखामानके ब्रिटिश, अमेरिकी किंवा आंतरराष्ट्रीय मानकांवरून घेतलेली होती, म्हणजे कागदोपत्री ती उच्च दर्जाची होती. मात्र तेथील बऱ्याच कंपन्या कुटुंबांच्या किंवा सरकारच्या नियंत्रणाखाली होत्या आणि व्यवहार परस्पर ओळखींच्या जाळ्यातून चालत. अशा परिस्थितीत तोटा वेळीच जाहीर करण्याची प्रेरणा दुबळी असते. मानके चांगली असूनही तोट्याची नोंद तत्पर होत नाही, असेच या अभ्यासात दिसून आले.

२००५ साली लक्ष्मणन शिवकुमार यांच्यासह केलेल्या अभ्यासातून हाच मुद्दा एकाच देशाच्या हद्दीत सिद्ध झाला. ब्रिटनमध्ये खासगी कंपन्यांना आणि शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांना लेखामानके, लेखापरीक्षण आणि कर यांबाबत बहुतांशी सारखेच नियम लागू होते. तरीही खासगी कंपन्यांच्या हिशेबांत तोट्याची नोंद कमी तत्पर आढळली. नियम तेच, परंतु वाचक वेगळा असल्याने हिशेब वेगळा झाला होता. खासगी कंपनीचे मोजके भागधारक आणि तिला कर्ज देणारी बँक यांना माहिती मिळवण्याचे इतर मार्ग उपलब्ध असतात.

या संशोधनाला व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले ते आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानकांच्या प्रसारामुळे. २००५ पासून युरोपीय संघातील नोंदणीकृत कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांसाठी ही मानके सक्तीची झाली. २००६ च्या एका विस्तृत लेखात बॉल यांनी त्यांच्या लाभांबरोबरच धोक्यांचीही चर्चा केली. समान मानकांमुळे निरनिराळ्या देशांतील कंपन्यांची तुलना सोपी होते हे त्यांनी मान्य केले. परंतु बाजार व राजकारण स्थानिकच राहते आणि मानकांची अंमलबजावणीही स्थानिक हातांतच असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. कोणताही देश फारशी किंमत न मोजता उत्तम मानकांचे नाव धारण करू शकतो, आणि त्या नावाखाली प्रत्यक्षातील तफावत झाकली जाण्याचा संभव असतो, असा त्यांचा इशारा होता.

भारतातही आंतरराष्ट्रीय मानकांशी मिळतीजुळती 'इंड एएस' ही भारतीय लेखामानके १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांसाठी टप्प्याटप्प्याने लागू झाली. कुटुंबांच्या नियंत्रणाखालील कंपन्यांची संख्या भारतात मोठी असल्याने मानके आणि प्रेरणा यांविषयीची ही चर्चा भारतीय अभ्यासकांसाठीही उद्बोधक ठरते.

पुष्टीकरणाचा सिद्धान्त

२००८ मध्ये बॉल आणि शिवकुमार यांनी १९६८ च्या मूळ प्रश्नाकडे नव्या पद्धतीने पाहिले. वर्षभरात समभागाच्या किमतीत जी माहिती सामावते, तिच्यापैकी किती माहिती तिमाही निकालांच्या मोजक्या दिवसांत येते हे त्यांनी मोजले. चारही तिमाही निकाल मिळून हे प्रमाण सरासरी सुमारे ५ ते ९ टक्के निघाले. म्हणजे एका तिमाही निकालाचा वाटा जेमतेम १ ते २ टक्क्यांचा होता. बाजाराला ताजी बातमी पुरवणे हे वित्तीय अहवालांचे प्रमुख कार्य नसावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मग हे कार्य कोणते? याचे उत्तर २०१२ साली सुदर्शन जयरामन आणि शिवकुमार यांच्यासह लिहिलेल्या निबंधात मिळते. कंपनीचे प्रकटीकरण ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. एक म्हणजे कायद्याने आवश्यक असलेले, लेखापरीक्षित आणि झालेल्या घटनांवर आधारलेले हिशेब. दुसरे म्हणजे व्यवस्थापनाने स्वेच्छेने केलेले, भविष्याविषयीचे आणि कोणीही पडताळून न पाहिलेले निवेदन. पुढील वर्षी नफा वाढेल, असे व्यवस्थापक सांगतो तेव्हा ते वचन असते, पुरावा नसतो. सावकार कुळाच्या शब्दावर विश्वास ठेवतो तो सुगीनंतर धान्य मोजले जाणार आहे म्हणून, तसेच येथेही घडते. वर्षाअखेरीस त्रयस्थ लेखापरीक्षक प्रत्यक्ष आकडा मोजणार आहे हे ठाऊक असल्यानेच व्यवस्थापकाच्या आधीच्या शब्दाला मोल येते. असत्य बोलणारा उघडा पडतो, म्हणून तो जपून बोलतो, आणि म्हणूनच ऐकणारा त्याच्यावर विसंबू शकतो. लेखापरीक्षित हिशेब आणि ऐच्छिक प्रकटीकरण हे परस्परांचे पर्याय नसून परस्परपूरक आहेत, असा हा 'पुष्टीकरणाचा सिद्धान्त' आहे.

या सिद्धान्ताच्या तपासणीसाठी लेखापरीक्षणावरील खर्च हे पडताळणीच्या काटेकोरपणाचे माप म्हणून वापरण्यात आले. ज्या कंपन्या लेखापरीक्षणावर अधिक शुल्क खर्च करण्यास बांधील राहतात, त्यांच्या व्यवस्थापनाची भाकिते अधिक वारंवार, अधिक नेमकी, अधिक वेळेवर आणि अधिक अचूक असतात, तसेच गुंतवणूकदारांचा प्रतिसादही त्यांना अधिक मिळतो, असे आढळले.

या मांडणीचा धोरणात्मक अर्थ महत्त्वाचा आहे. निकालाच्या दिवशी किंमत फारशी हलली नाही, एवढ्यावरून लेखापरीक्षित हिशेब निरुपयोगी ठरवणे चुकीचे होईल. वर्षभर निरनिराळ्या मार्गांनी बाजारात येणारी माहिती विश्वासार्ह राहण्यामागे त्याच हिशेबांचा धाक असतो. हे ओझे अनावश्यक समजून काढून टाकले, तर निकालाच्या दिवशी कोणताही फरक दिसणार नाही, परंतु उरलेल्या दिवसांतील माहितीवरचा विश्वास हळूहळू ढासळेल. याची सर्वाधिक झळ ज्यांना माहितीचा दुसरा मार्ग नाही अशा लहान गुंतवणूकदारांना पोहोचेल.

टीका व मर्यादा

बॉल यांच्या संशोधनावर आणि त्यातून निर्माण झालेल्या परंपरेवर विविध अंगांनी टीका झाली आहे. १९७४ साली निकोलस गोनेडेस आणि निकोलस डोपुच यांनी एक मूलभूत मर्यादा दाखवली. समभागांच्या किमतींची प्रतिक्रिया पाहून हिशेबाची कोणती पद्धत समाजाच्या दृष्टीने अधिक हितावह आहे हे ठरवता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तोट्याच्या तत्पर नोंदीचे बसू यांचे माप सांख्यिकीय दृष्ट्या सदोष असून हिशेबांत सावधगिरी नसतानाही ते ती दाखवू शकते, अशी टीका २००० च्या दशकानंतर अनेक अभ्यासकांनी केली. बॉल, कोठारी आणि व्हॅलेरी निकोलाएव्ह यांनी २०१३ मध्ये दोन निबंधांतून तिला उत्तर दिले. अपेक्षित परतावा आणि अपेक्षित नफा यांचा प्रभाव योग्य रीतीने वेगळा केल्यास हे माप उपयुक्त ठरते, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुष्टीकरणाच्या सिद्धान्ताच्या संदर्भात, लेखापरीक्षणाचे शुल्क पडताळणीच्या दर्जाबरोबरच कंपनीच्या व्यवहारांची गुंतागुंत आणि जोखीमही दर्शवते, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

निकालांच्या महत्त्वाविषयीही मतभेद आहेत. २०१६ साली बारूख लेव्ह आणि फेंग गू यांनी आपल्या पुस्तकात असा युक्तिवाद केला की, संशोधन, संगणकप्रणाली, नाममुद्रा यांसारख्या अमूर्त मालमत्ता ताळेबंदात नीट येत नसल्याने पारंपरिक अहवालांची उपयुक्तता घटत चालली आहे. याउलट बीव्हर, मॉरीन मॅकनिकोल्स आणि झॅक वांग यांनी २०१८ मध्ये दाखवले की, अमेरिकेत २००१ नंतर निकालांच्या वेळची बाजाराची प्रतिक्रिया लक्षणीयरीत्या वाढलेली आहे. निकालांबरोबरच व्यवस्थापनाची भाकिते आणि तपशीलवार आकडे एकाच वेळी जाहीर करण्याची पद्धत रूढ होत गेल्याचा या वाढीशी संबंध आहे.

सन्मान

अमेरिकन अकाउंटिंग असोसिएशनने लेखासाहित्यातील मूलभूत योगदानासाठी सुरू केलेला पहिला पुरस्कार १९८६ मध्ये बॉल आणि ब्राऊन यांच्या १९६८ च्या निबंधास देण्यात आला. लेखाशास्त्राच्या 'अकाउंटिंग हॉल ऑफ फेम' या सन्मानयादीत बॉल यांचा समावेश आहे. हेलसिंकी, लोव्हेन आणि क्वीन्सलँड येथील शिक्षणसंस्थांनी त्यांना मानद डॉक्टरेट प्रदान केली आहे. त्यांच्या सहलेखकांपैकी एस. पी. कोठारी यांना भारत सरकारने २०२० साली पद्मश्री किताब दिला.

प्रभाव

१९६८ च्या निबंधाने लेखाशास्त्राला पुराव्याच्या कसोटीवर चालणाऱ्या सामाजिक शास्त्राचे रूप देण्यात मोठा वाटा उचलला. घटनेभोवतीच्या काळातील किमतींचा अभ्यास, अनपेक्षित नफ्याची संकल्पना आणि निकालानंतरच्या सरकीचा शोध ही या निबंधाची तीन फलिते आजही पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शिकवली जातात. निबंधाच्या प्रकाशनानंतर सुमारे ४५ वर्षांनी, २०१४ साली, बॉल आणि ब्राऊन यांनी त्याचे सिंहावलोकन करणारा लेख लिहिला. ज्या नियतकालिकाने मूळ निबंध नाकारला होता त्याच 'द अकाउंटिंग रिव्ह्यू'मध्ये तो प्रसिद्ध झाला.